वाफ म्हणायची, पण वाफ नव्हे

महाड-पोलादपूरच्या हायवेवर टपरीत सिगारेट मिळते. ई-सिगारेट विकणे मात्र गुन्हा आहे. ‘नुसती वाफ तर आहे, मग बंदी कशाला?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. गफलत आहे ती ‘वाफ’ या समजात.

ई-सिगारेटच्या पेनड्राइव्हएवढ्या यंत्रात बॅटरीवर तापणारी बारीक तार असते. ती बहुधा निकोटिन मिसळलेला द्रव तापवते आणि त्याचा एअरोसोल (हवेत तरंगणारे सूक्ष्म थेंब) होतो. भाताच्या वाफेपेक्षा त्याचे नाते फोडणीशी जवळचे. फोडणीचे थेंब उडून भिंतीवर चिकट थर धरतात; हे थेंब फुप्फुसात उतरतात. तंबाखू जळत नाही हे खरे, पण निकोटिनची चटक लागतेच.

दुसरा घोळ कायद्याचा. २०१९च्या केंद्रीय कायद्याने उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळेच बंद केले, ऑनलाइन विक्रीसुद्धा. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढण्याबद्दल शिक्षेचे वेगळे कलम नाही. रोख धंद्यावर आहे.

साधी सिगारेट खुली आणि ही बंद, ही विसंगती खुपतेच. तरुणांत नवे व्यसन रुजण्याआधीच रोखावे, हा सरकारचा युक्तिवाद होता.