डागांची ओळख

ट्रॉम्बेच्या खाडीला ओहोटी लागली की काठचा काळा चिखल उघडा पडतो. त्यात खेळून आलेल्या मुलाचा शाळेचा एकुलता एक सदरा पाहून घरचे लोक साबण व कढत पाणी घेऊन बसतात. परंतु डाग ओळखल्यावाचून केलेला उपाय पुष्कळदा अपाय ठरतो.

ओला चिखल चोळू नये. त्याने तो धाग्यांत शिरतो. तो वाळू द्यावा, झटकावा आणि मग धुवावा. खाडीच्या चिखलाचा काळेपणा बहुधा लोह व गंधक यांच्या संयुगामुळे असतो. हवा लागली की त्यातील लोह गंजते आणि मागे तांबूस डाग उरतो. त्यावर लिंबाचा रस व मीठ चोळावे. लिंबातील आम्लात गंज विरघळतो. कपडा रंगीत असल्यास मात्र आधी एखाद्या कोपऱ्यावर करून पाहावे.

मासळीचे असो वा खरचटलेल्या गुडघ्याचे, रक्ताच्या डागाला कढत पाणी वर्ज्य. उकडताना अंडे घट्ट होते, तशीच रक्तातील प्रथिने उष्णतेने धाग्यांत घट्ट बसतात. त्यास थंड पाणीच हवे.

हळदीची गंमत निराळीच. कालवणाच्या पिवळ्या डागास साबण लागताच तो तांबडा होतो आणि धुणारा घाबरतो. साबण अल्कधर्मी असल्याने हळदीचा रंग तेवढा पालटतो. भरपूर पाण्यात खळबळल्यावर तो पुन्हा पिवळा दिसतो. उरलेला पिवळेपणा घालविण्यास सूर्यासारखा धोबी नाही. कपडा उन्हात वाळत घातला की डाग हळूहळू फिका पडतो. पावसाळ्यात मात्र त्या धोब्याची वाट पाहावी लागते.