दिवाळे निघाल्यानंतरचे घर

‘दिवाळे’ या शब्दातच दिवा आहे. देणी फेडणे अशक्य झाले की पूर्वी सावकार भरदिवसा पेढीवर दिवा लावत असे आणि गावाला काय ते कळत असे, असे सांगतात. आता पेढ्या गेल्या, दिवाही गेला. पण भाड्याचे घर शोधताना तो उजेड पाठ सोडत नाही.

माझ्या परिचयातल्या एका पुणेकर गृहस्थांचा छापखाना बुडाला. राहती जागा कर्जाला तारण होती. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँकेची साठ दिवसांची नोटीस आली आणि पुढे घराचा लिलाव झाला. घरात म्हातारी आई, दहावीतली मुलगी. एजंट जागा दाखवी, बोलणी होत, मग प्रश्न येई, ‘‘सिबिल स्कोअर किती?’’ उत्तर ऐकल्यावर मालक म्हणत, ‘‘विचार करून कळवतो.’’ कळवत मात्र कुणीच नसे.

आपला कायदा तसा निर्दय नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० ऋणकोची स्वयंपाकाची भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, इतकेच काय, रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिनेही जप्तीतून वगळते. पण ही भांडी मांडायची कुठे, याचे उत्तर त्या कलमात नाही.

घरमालकाची भीतीही खोटी नाही. पुष्कळांचा संसार पेन्शन आणि त्या भाड्यावरच चालतो. पण ‘लिव्ह अँड लायसन्स’ने जागा देणाऱ्याला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भक्कम आधार दिला आहे. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई घेता येते. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाचीच, आणि ती टाळली तर शिक्षाही त्यालाच.

बँकेत आयुष्य काढलेला माणूस म्हणून एक सांगतो. बँक वीस वीस वर्षांची उधारी देते, म्हणून ती माणसाचा मागचा सारा हिशेब उकरते. घरमालक देतो फार तर महिन्याची उधारी, तीही डिपॉझिट हातात ठेवून. मग त्याने बँकेचा गज कशाला वापरावा? शिवाय हप्त्यांचे ओझे उतरलेल्या माणसाला भाडे देणे पुष्कळदा सोपे जाते. पाहायचे ते इतकेच, की आज घरात नियमित पैसा येतो का, आणि आधीच्या मालकाला भाडे वेळेवर मिळत होते का.

भाडेकरूनेही एक पथ्य पाळावे : लपवू नये. कोर्टाने मुक्त न केलेल्या नादाराने स्थिती न सांगता पन्नास रुपयांचीही उधारी घेतली, तर १९२० च्या नादारी कायद्याने तो गुन्हा ठरवला. आपला क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो आधी वाचावा. ‘सेटल्ड’ म्हणजे पूर्ण फेड नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. मग कोर्टाचा मुक्ततेचा हुकूम असल्यास तो, पगाराची स्लिप, बँकेतून भाडे भरल्याच्या नोंदी आणि एखादा जामीनदार घेऊनच मालकाकडे जावे.

त्या गृहस्थांना अखेर जागा मिळाली ती एका निवृत्त शिक्षिकेकडे. त्यांनी स्कोअर विचारला नाही. नोकरी कुठे, पगार किती, मुलीची शाळा इथून लांब तर पडणार नाही ना, एवढेच विचारले. आणि दुसऱ्या दिवशी नोंदणीची वेळ ठरवली.