आई घडवते म्हणजे काय करते?

आईवर व्याख्यान द्यायचे म्हटले की वक्त्याचे काम फार सोपे होते, आणि म्हणूनच ते बहुधा बिघडते. जिजाबाईंचे नाव घ्यावे, दोन संस्कृत वचने म्हणावीत आणि सभागृहातील डोळे ओले झाले की खाली बसावे! अशी व्याख्याने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. ती ऐकून घरी परतताना आईविषयीचा आदर वाढलेला असतो खरा. परंतु आई मुलाला घडवते म्हणजे नेमके करते काय, हा प्रश्न होता तेथेच राहिलेला असतो. मूल चांगले निघाले तर आपण त्याच्या वडिलांचे घराणे सांगतो, आणि वाईट निघाले तर आईने काय संस्कार केले म्हणून विचारतो. ज्या कामाबद्दल एखाद्या माणसाला इतक्या सहज दोषी धरायचे, ते काम चालते कसे हे तरी आपल्याला ठाऊक असावे.

त्यासाठी आपण क्षणभर धुळ्याच्या तुरुंगात जाऊ. १९३२ साली तेथे दर रविवारी विनोबा भावे गीतेवर प्रवचन करीत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी अठरा अध्याय झाले. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातून आपल्याला मिळाला. बोलणारा आणि लिहून घेणारा, दोघांच्याही आया तेव्हा हयात नव्हत्या. साने गुरुजींची आई यशोदाबाई १९१७ साली गेली, तर विनोबांची आई रुक्मिणीबाई १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत. परंतु त्याच १९३२ साली विनोबांची ‘गीताई’ प्रसिद्ध झाली. आणि पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली, त्यातला बराचसा भाग अवघ्या पाच दिवसांत. मराठी घरांत सर्वांत अधिक पोचलेल्या पुस्तकांपैकी ही दोन. आणि दोन्हींच्या मुळाशी एकेक आई आहे, जिला शाळेचे शिक्षण असे फारसे मिळाले नव्हते.

रुक्मिणीबाईंचे माहेर कर्नाटकाकडचे. काम करता करता त्या कानडी भजने म्हणत. त्यांची एक गोष्ट विनोबा नेहमी सांगत. देवाला लाख तांदूळ वाहायचा त्यांनी संकल्प केला होता आणि रोज त्या एकेक दाणा मोजून वाहत. विनोबांचे वडील नरहरपंत शास्त्राची दृष्टी असलेले गृहस्थ. त्यांनी हे पाहिले आणि सुचविले की, तोळाभर तांदूळ घ्यावेत, त्यांचे दाणे एकदा मोजावेत आणि लाखाला किती तोळे लागतील त्याचा हिशेब करावा. चूकभूल नको म्हणून अर्धा तोळा जास्त टाकावा. या हिशेबात कोणाला काय खोट काढता येणार? आईलाही काढता आली नाही. संध्याकाळी तिने ती अडचण मुलापुढे ठेवली. विन्याने सांगितले की, वडिलांचे गणित बरोबर आहे. पण हे काम गणिताचे नाही, एकेका दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, ते तोळ्यात कसे मोजणार? आईचे समाधान झाले.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण भक्तीचा महिमा वर्णन करून थांबतात. आम्हांला तीत दुसरेच काही दिसते. आईने येथे मुलाला काहीही शिकविलेले नाही. तिने त्याला विचारले आहे! आपल्या मनाला जे पटते आहे पण शब्दांत सांगता येत नाही, ते तिने मुलापुढे ठेवले आणि त्याचे उत्तर मनापासून ऐकले. ज्या मुलाला असे खरेखुरे विचारले जाते, त्याला विचार करावाच लागतो. वडिलांचाही वाटा येथे विसरू नये. विनोबांची गणिताची आवड प्रसिद्धच आहे, आणि ती नरहरपंतांच्या बाजूने आलेली. दाणे आणि तोळे, दोन्ही त्या घरात होते म्हणून प्रश्न निर्माण झाला.

गीताईचे मूळही अशाच एका विचारण्यात आहे. आईला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत कळेना. तिने मुलाला मराठी गीता आणायला सांगितली. त्याने वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली, कारण त्याच्या पाहण्यात त्याहून सोपे काही नव्हते. तेही अवघड वाटले तेव्हा आई म्हणाली की, मग तूच का करीत नाहीस? विनोबा तेव्हा विशीच्या आतबाहेर होते. कोणा पंडिताने नव्हे, आईने हा विश्वास टाकला. प्रत्यक्ष लेखन सुरू झाले ते ७ ऑक्टोबर १९३० रोजी आणि संपले ६ फेब्रुवारी १९३१ ला, म्हणजे आई जाऊन बारा वर्षे होऊन गेल्यावर. परंतु भाषेचा मापदंड तीच राहिली. तिला समजले असते का, या कसोटीला उतरेल तोच शब्द ठेवायचा. पुस्तकाच्या नावातच ‘आई’ येऊन बसली.

भाषेचा विषय निघालाच आहे तर थोडे विज्ञानाकडे वळू. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या दोन संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या बालकांवर एक सुंदर प्रयोग केला. बाळाच्या तोंडात चोखणी दिली, आणि चोखण्याची लय बदलली की कानावर येणारा आवाज बदलेल अशी योजना केली. ती बालके आईचा आवाज ऐकू येईल अशा लयीत चोखू लागली. जन्मून तीन दिवसही न झालेल्या जिवाला आपली आई आवाजावरून ओळखता येते, कारण पोटात असतानाच तो आवाज त्याच्या कानी पडत असतो. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे सांगितले असते, तर यात नवे ते काय, असे त्या म्हणाल्या असत्या. मातृभाषा म्हणजे शब्दांचा साठा नव्हे. शब्द येण्याच्या आधी तिचा सूर येतो.

पण घडविणे म्हणजे आपल्या मनासारखे करून घेणे, असा मात्र कोणी अर्थ काढू नये. एके दिवशी विनोबा आईजवळ चुलीपाशी बसले आणि आपली प्रमाणपत्रे एकेक करून विस्तवात घालू लागले. आईने विचारले, काय जाळतोस? आता यांचा मला उपयोग नाही, असे उत्तर मिळाल्यावर ती म्हणाली की, नसला तरी ठेवायला काय हरकत होती. कुठल्याही आईने म्हटले असते तेच. मुलाने ऐकले नाही. पुढे १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. ज्या आईने मुलाला स्वतःचे उत्तर शोधायची सवय लावली, तिला ते उत्तर केव्हातरी सोसावे लागतेच.

श्यामच्या आईकडे याच दृष्टीने पाहा. आंघोळ झालेल्या श्यामला मातीवर पाय टेकायचा नसतो, तेव्हा ती दगडावर आपला पदर पसरते; आणि पायांसारखेच मनालाही जपायला सांगते. हा प्रसंग सर्वांना पाठ आहे. आम्हांला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा. रस्त्यात एका महार म्हातारीची मोळी पडली आहे, ती उचलून डोक्यावर द्यायला शिवाशिवीमुळे कोणी पुढे होत नाही. आई श्यामला पाठविते. घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. काळाशी एवढी तडजोड तिने केली आहे आणि लेखकाने ती लपविलेली नाही. आता मे १९४७ मध्ये या. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी १ तारखेपासून उपोषणाला बसले; दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे ठरले. मोळीपासून मंदिरापर्यंतचे अंतर आईने चाललेले नव्हते. तिने मुलाला घराबाहेर एक पाऊल टाकायला लावले, आणि नंतरची आंघोळ मुलाने सोडून दिली.

एक गोष्ट येथे स्पष्ट बोललीच पाहिजे. ‘श्यामची आई’ वाचून कित्येक आयांना आपण कमी पडतो असे वाटते. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने तर ती मूर्ती घरोघर नेली. परंतु यशोदाबाई काही आदर्श माता म्हणून जगत नव्हत्या. दारिद्र्य, सावकाराचा तगादा, आजारपण, यांतून त्या दिवस काढीत होत्या. बेचाळीस रात्रींच्या त्या कथा मुलाने पुढे मोठेपणी आठवून सांगितल्या आहेत, आणि आठवण नेहमी निवड करते. त्या दोघींनीही संस्कारासाठी वेगळा तास राखून ठेवला नव्हता. भात निवडताना, पाणी भरताना, चुलीशी बसताना मूल जवळ होते, एवढेच. आज आई नोकरीवर जाते म्हणून हळहळणाऱ्या गृहस्थांना आम्ही विचारतो, जवळ बसण्याचे काम वडिलांना कोणी मना केले आहे? भाजी त्यांनाही निवडता येते.

जाता जाता नावाविषयी. ‘श्यामची आई’ या शब्दांत श्यामचे नाव आहे. आईचे यशोदा हे नाव किती वाचकांना चटकन आठवेल? मुलाची ओळख आपण पिढ्यान्पिढ्या वडिलांच्या नावाने लिहीत आलो. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय केला की, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलामुलींच्या शासकीय कागदपत्रांवर प्रथम मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम असावा. म्हणजे जन्माची नोंद करताना बाळाच्या नावापाठोपाठ आता आईचे नाव लिहायचे. आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी नातवाचा कागद पाहून, हे मध्येच काय आले, म्हणून विचारले. सुनेने उत्तर दिले नाही, आजींनी दिले. त्यांनी आपल्या थोरल्या मुलाला हाक मारली आणि विचारले, “माझ्या माहेरचे नाव काय रे?” त्याला ते सांगता आले नाही.