पाळणाघरात मुलाला काय घालून पाठवावं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ही रजा मिळणाऱ्या अनेक आया बाळ साधारण सहा महिन्यांचं झालं की कामावर रुजू होतात. आजी-आजोबा जवळ नसतील तर बाळ जातं सोसायटीतल्याच एखाद्या काकूंच्या घरगुती पाळणाघरात. हे वय पालथं पडून पुढे सरकण्याचं, बसायला शिकण्याचं, हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालून बघण्याचं. म्हणजे अंगावरच्या कपड्यांची अडचण व्हायला लागते नेमकी तेव्हाच बाळ दिवसभर घराबाहेर राहू लागतं.

कपडे ठरतात सकाळच्या घाईत. त्यामागे माया असते, घरची रीत असते, लोक काय म्हणतील ही धास्तीही असते. पण त्या कपड्यांत पुढचे आठ-दहा तास मुलाला काढायचे असतात. म्हणून कपाटापुढे उभं राहिल्यावर एवढंच विचारावं: यात माझ्या मुलाला रांगता येईल का, मळता येईल का, शांत झोपता येईल का, आणि थोडं मोठं असेल तर स्वतःचं स्वतः काढता-घालता येईल का? या प्रश्नावर घासून पाहिलं की पालकांमध्ये पक्के बसलेले बरेच समज गळून पडतात.

गैरसमज: चारचौघांत जायचं, तर कपडे ठेवणीतलेच हवेत.

वस्तुस्थिती: पाळणाघरात मूल खेळायला, जेवायला आणि झोपायला जातं. या तिन्ही कामांत कपडे मळणारच. दोन वर्षांची मुलगी जाळीचा फ्रॉक घालून आली की काय होतं ते जवळून बघावं. जाळी काखेत आणि कमरेला टोचते, ती सारखी झालर ओढत राहते, खाली बसली की घेर मांडीखाली येतो आणि उठताना पाय अडकतो. शेजारी बाकीची मुलं कणकेचे गोळे थापत असतात, ही मात्र हात मागे घेऊन बघत उभी. कारण निघताना दारात कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘कपडे खराब करू नकोस हं.’ लहान मुलं असं वाक्य दिवसभर लक्षात ठेवतात.

धुऊन धुऊन मऊ झालेला सुती टी-शर्ट आणि सैलसर चड्डी हा पाळणाघरातला उत्तम पोशाख. सणाच्या दिवशी हौस जरूर करावी. फोटो काढून झाले की कपडे बदलायला सांगावं. घरगुती पाळणाघरात स्वयंपाकघर आणि देवघर हाकेच्या अंतरावर असतं, सणाला समई तेवत असते. घेरदार, लोंबता कपडा आगीच्या जवळ सहज जातो. सुती कापड पटकन पेटतं, पॉलिस्टर-नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. त्यामुळे आच असेल तिथे कपडा कुठल्याही कापडाचा असो, अंगाबरोबरच हवा.

गैरसमज: मूल लहान, म्हणून त्याला थंडी जास्त वाजते. स्वेटर-कानटोपी असलेली बरी.

वस्तुस्थिती: अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या आणि नवजात बाळांना ऊब जपावी लागते, हे खरं. सहा महिन्यांच्या पुढच्या निरोगी बाळाची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला असा, की त्या खोलीत मोठ्या माणसाला जेवढे कपडे पुरतात त्याहून फार तर एक थर बाळाला जास्त असावा. मुंबई-ठाण्याच्या डिसेंबरात काकू पंख्याखाली सुती साडीत असतील, तर बाळाला झबल्यावर स्वेटर आणि डोक्याला टोपरं कशाला?

पालकांची फसगत होते ती हाता-पायांमुळे. बाळाचे तळवे गार लागले की घरातली मोठी माणसं मोजे चढवायला सांगतात. पण लहान बाळांचे हातपाय गार असणं नेहमीचंच आहे. ऊब तपासायची ती मानेमागे किंवा छातीवर. तिथे घाम असेल, त्वचा लालसर किंवा गरम लागत असेल, तर एक थर लगेच उतरवावा.

झोपेच्या वेळी हे आणखी महत्त्वाचं. बाळाचं डोकं त्याच्या शरीराच्या मानाने मोठं असतं आणि त्यातून बरीच उष्णता बाहेर जाते. टोपी घालून झोपवलं की ती वाट बंद होते, शिवाय टोपी सरकून नाकावर येऊ शकते. एक वर्षाखालच्या बाळांच्या झोपेतल्या आकस्मिक मृत्यूशी अति ऊब हा धोक्याचा घटक म्हणून जोडला गेला आहे. त्यामुळे बाळाला उताणं झोपवावं, डोकं उघडं ठेवावं आणि तोंडावर येईल असं सैल पांघरूण घालू नये. पुणे-नाशिकच्या गारठ्यात सकाळी येताना टोपी-स्वेटर जरूर असू दे, पण तो घरात शिरल्यावर सहज निघणारा, पुढून उघडणारा असावा.

गैरसमज: पाळणाघरात सर्दी झाली, म्हणजे कपडे कमी पडले.

वस्तुस्थिती: सर्दी विषाणूंमुळे होते. ते शिंकेतून, हातांतून, एकमेकांच्या तोंडातल्या खेळण्यांतून पसरतात. लहान मुलाला वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होणं सर्वसाधारण आहे आणि पाळणाघराच्या पहिल्या वर्षात ती जास्त वेळाही होते. त्यावर दुसरा स्वेटर हा उपाय नाही. वारंवार हात धुणं, खेळणी पुसणं आणि आजारी मुलाला घरी ठेवणं हे उपाय. कपड्यांपुरतं बोलायचं तर लाळेने किंवा घामाने ओला झालेला कपडा वेळेवर बदलावा आणि लाळेरं जेवणापुरतंच बांधून झोपण्याआधी काढावं.

गैरसमज: काळा दोरा, साखळी, वाळे तर पूर्वापार घालतात. त्याने काय होतंय?

वस्तुस्थिती: पूर्वी बाळ बहुतेक वेळ कुणाच्या तरी कडेवर किंवा मांडीवर असे. पाळणाघरात ते पाच-सहा मुलांबरोबर जमिनीवर असतं. गळ्यातला दोरा, ताईत किंवा साखळी पाळण्याच्या गजात, दाराच्या कडीत अडकू शकते, दुसरं मूल ती धरून ओढू शकतं. गळा आवळला गेलेलं बाळ ओरडूही शकत नाही.

मनगट्यांचे मणी आणि वाळ्यांचे घुंगरू यांचा धोका वेगळा. ते सुटले की थेट तोंडात जातात. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात मावणारी वस्तू श्वासनलिकेत अडकण्याजोगी धरली जाते. घुंगरू तर त्याहून कितीतरी लहान. कपड्यावर शिवलेली शोभेची बटणं, टिकल्या, मोती यांनाही हीच कसोटी लावावी. सकाळी प्रत्येक बटण एकदा ओढून बघावं, सेफ्टी पिन तर अजिबात लावू नये.

मुलाला दृष्ट लागू नये ही कळकळ खरी असते, तिचा मान राखायलाच हवा. ती जपायची तर संध्याकाळी मूल घरी आल्यावर मीठ-मोहरीने दृष्ट काढावी. आजीचंही समाधान होतं आणि मुलाच्या गळ्यात काही राहत नाही.

हूडच्या दोऱ्या आणि गळ्याशी बांधायच्या नाड्या यांचाही धोका हाच. घसरगुंडीवर, गेटवर अशा दोऱ्या अडकून मुलं दगावली, तेव्हा अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ साली मुलांच्या जॅकेटांच्या गळ्याशी आणि हूडला दोऱ्या नकोत अशी मार्गदर्शक सूचना काढली. युरोपच्या मानकानुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत डोक्याशी आणि गळ्याशी दोरी असूच नये. आपल्याकडे दुकानात अशा दोऱ्यांचे कपडे सर्रास मिळतात. घरी आणल्यावर ती दोरी ओढून काढून टाकावी, दोन मिनिटांचं काम आहे.

गैरसमज: पायांना वळण लागायला घरातही बूट हवेत.

वस्तुस्थिती: चालायला शिकणारं मूल पायाच्या बोटांनी जमीन धरतं आणि तळव्याने तोल समजून घेतं. घरात त्याला अनवाणी चालू देणं सगळ्यात चांगलं. गुळगुळीत लाद्यांवर नुसते मोजे घालून पाठवलं तर मूल हमखास घसरतं. मोजे घालायचेच असतील तर तळाला रबराचे ठिपके असलेले घालावेत. बूट-चपला हव्यात त्या अंगणात आणि रस्त्यावर, आणि त्याही लवचिक तळव्याच्या, मुलाला स्वतः चिकटवता येईल अशा पट्टीच्या.

चालताना दिवे लुकलुकणाऱ्या बुटांबद्दल मात्र सावध राहा. त्यांच्या टाचेत बॅटरी असते. टाच फाटून बटणासारखा सेल बाहेर आला आणि मुलाने गिळला, तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांत खोल जखम करू शकतो. अशा वेळी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं.

गैरसमज: डायपरने पाय फेंगडे होतात. आणि चांगला डायपर दिवसभर टिकतो.

वस्तुस्थिती: पहिल्या समजाला आधार नाही. गर्भात पाय दुमडून राहिल्यामुळे बाळांचे पाय जन्मतः थोडे बाहेर वाकलेलेच असतात. दीड-दोन वर्षांपर्यंत ते सरळ होतात, पुढे तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे थोडे आत येतात आणि सातव्या वर्षाच्या आसपास ठीक होतात. दोन वर्षांनंतरही बाक कायम असेल किंवा वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवावं, त्यामागे ड जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते.

दुसरा समज जास्त त्रास देतो. डायपर कोरडा वाटला तरी दर दोन-तीन तासांनी बदलावा, शी केल्यावर तर लगेच. पिशवीत दोन डायपर टाकून मुलाला दहा तास ठेवलं, तर मांड्या लाल होणारच. डायपरवरचा कपडा खालून टिचबटणांनी उघडणारा असला, की दर वेळी बाळाला पुरतं उघडं करावं लागत नाही.

गैरसमज: डंगरी, बेल्ट, चेन काढायला काकू आहेतच की.

वस्तुस्थिती: बहुतेक मुलं दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान शू-शी सांगायला आणि धरायला शिकतात. हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, की ‘शू’ म्हटल्यापासून हातात मोजके क्षण असतात. मूल धावत बाथरूमच्या दाराशी जातं, डंगरीचा खांद्यावरचा हूक ओढतं, तो निघत नाही, काकू दुसऱ्या बाळाला भरवत असतात, आणि पायाखाली ओलं होतं. सगळ्यांदेखत झालेली ही फजिती मुलाला खोल लागते. त्यात त्याची काही चूक नसते, अडला तो फक्त हूक. इलॅस्टिकची चड्डी तीच वेळ निभावून नेते. मुलग्यांच्या पँटच्या चेनने नाजूक जागी इजा होते, म्हणून या वयात चेन नकोच.

मॉन्टेसोरी पद्धतीत बटणं, हूक आणि नाड्या लावायच्या-सोडायच्या लाकडी चौकटी असतात, कारण कपडे घालणं हेही शिक्षण मानलं आहे. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक याच विचारांच्या. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कामातून त्यांनी मुलाच्या स्वावलंबनाला मान मिळवून दिला. मोठी बटणं, रुंद गळा, पुढची बाजू ओळखू येईल असं चित्र, एवढ्यावर तीन वर्षांचं मूल आपलं आपण कपडे घालू लागतं.

गैरसमज: उकाड्या-पावसाळ्यात अंग उघडंच बरं.

वस्तुस्थिती: डेंग्यू पसरवणारा एडीस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळण्याच्या आधी. मुलांची पाळणाघरात जायची-यायची वेळ नेमकी तीच. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत पातळ सुती, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पायजमा घालावा. विरळ विणीचं सुती कापड घाम टिपतं, त्यामुळे घामोळंही आवरतं. धुतलेले कपडे मात्र पूर्ण सुकलेले हवेत. दमट कपड्यांनी जांघेत आणि मानेच्या घडीत बुरशी धरते. ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी.

गैरसमज: नवे कपडे स्वच्छच असतात, आणि जुने डांबरगोळ्यांत ठेवले की सुरक्षित.

वस्तुस्थिती: नव्या कापडावर जादा रंग आणि चुणी पडू नयेत म्हणून लावलेली रसायनं असतात, म्हणून पहिल्यांदा घालण्याआधी ते धुवावेत. भावंडांचे वापरलेले कपडे मऊ असतात, ते खुशाल घालावेत. पण डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे बाळासाठी नकोत. जी६पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनमुळे फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. हा दोष मुलग्यांमध्ये जास्त आढळतो आणि पारशी समाजासारख्या काही समाजांत त्याचं प्रमाण अधिक आहे. बाळाचे कपडे ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरेसा आहे.

गैरसमज: पिशवीत एक जादा जोड पुरे.

वस्तुस्थिती: एका ओकारीत किंवा एका सांडलेल्या वाटीत तो संपतो. वर्षाखालच्या बाळासाठी तीन जोड, शू शिकणाऱ्या मुलासाठी तीन आणि त्याखेरीज दोन-तीन चड्ड्या, मोठ्यांसाठी दोन. पावसाळ्यात एक अधिक. सोबत स्वतःचं दुपटं, ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी आणि प्रत्येक कपड्याला आतल्या बाजूने नाव. महिन्यातून एकदा पिशवी उलटी करून बघावी, कारण या वयात मूल भराभर वाढतं आणि जादा जोडातली पँट गुपचूप आखूड होऊन बसते.

या साऱ्यापेक्षा उपयोगाचं आहे ते काकूंशी बोलणं. दिवसभर मुलाला उचलणारे, बदलणारे, झोपवणारे हात त्यांचे असतात. कुठला कपडा मुलाला टोचतो, कुठली पँट त्याला काढता येत नाही, दुपारी घाम कधी येतो, हे त्यांना तुमच्याआधी कळतं. आठवड्यातून एकदा त्यांना मोकळेपणी विचारा आणि त्या जे सांगतील ते मनावर घ्या. संध्याकाळी गुडघ्यांवर धूळ, छातीवर वरणाचा डाग आणि बाहीवर रंग घेऊन मूल हसत बाहेर आलं, तर सकाळी निवडलेले कपडे योग्य होते.