पुराव्याचे ओझे शिपायाच्या शिरावर

पनवेलहून सकाळी अलिबागकडे निघणाऱ्या एसटीत एखादा निवृत्त शिपाई मांडीवर कापडी पिशवी सांभाळत बसलेला असतो. पिशवीत डिस्चार्ज बुक, लष्करी रुग्णालयाचे कागद आणि विकलांगता निवृत्तिवेतन नाकारल्याचे पत्र. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे दप्तर बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला. निवृत्तिवेतनाचा निर्णय प्रयागराजहून व्हायचा आणि दाद मागायची झाल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे पीठ मुंबईला. एवढा प्रवास ज्याच्या उत्तरासाठी करावयाचा, तो प्रश्न मात्र एका ओळीचा आहे : जडलेला आजार सैन्यातील सेवेमुळे झाला की नाही?

गोळीच्या जखमेला साक्षीदार लागत नाही. विषारी द्रव्याची गोष्ट वेगळी. मस्टर्ड हे नावाने वायू असले तरी प्रत्यक्षात तेलकट द्रव आहे. ते सुती कपड्यातून आत झिरपते, फोड काही तासांनंतर येतात, आणि डोळे व फुप्फुसे यांची हानी पुढे वर्षानुवर्षे राहू शकते. हे द्रव्य कर्करोगास कारण होते, हे आता शास्त्रमान्य आहे. पण विकार उघड होईपर्यंत शिपायाने गणवेश उतरवलेला असतो, पलटणीतले सोबती पांगलेले असतात आणि कागद दप्तरात गाडले गेलेले असतात.

भारतीय शिपायाचा या विषाशी संबंध जुना आहे. एप्रिल 1915 मध्ये ईप्रच्या रणभूमीवर लाहोर डिव्हिजनला जर्मन वायूला तोंड द्यावे लागले. तेथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या जमादार मीर दस्त यांना शौर्यपदकाबरोबर वायूची बाधाही झाली. पण ते निदान शत्रूचे कृत्य होते. 1930 नंतरच्या दशकात रावळपिंडीत जे घडले ते स्वतःच्याच सरकारचे. पोर्टन डाउन या ब्रिटिश संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तेथे दहा वर्षांहून अधिक काळ शेकडो भारतीय शिपायांवर मस्टर्डच्या चाचण्या केल्या. भारतीय कातडीवर या विषाचा परिणाम गोऱ्या कातडीहून अधिक होतो की काय, हे त्यांना पाहावयाचे होते. काही शिपाई अर्ध्या विजारी आणि सुती सदरे घालून वायूच्या कोठडीत गेले. कित्येकांना भाजल्यामुळे रुग्णालयात ठेवावे लागले. पुढे त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेण्यात आला नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील कागदांवरून हे प्रकरण 2007 मध्ये ‘गार्डियन’ने उजेडात आणले, तेव्हा स्वतंत्र भारताला साठ वर्षे झाली होती.

त्याच पोर्टन डाउनमध्ये ज्यांच्यावर प्रयोग झाले अशा 360 माजी ब्रिटिश सैनिकांना 2008 मध्ये त्यांच्या सरकारने तीस लाख पौंड दिले. कायदेशीर जबाबदारी मात्र मान्य केली नाही. अमेरिकेने याहून महत्त्वाचे पाऊल टाकले. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’मुळे आजारी पडलेल्या सैनिकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, पण 1991 च्या कायद्याने असे ठरवले की, सैनिक त्या भूमीवर होता आणि त्याचा आजार ठरावीक यादीत आहे, एवढे पुरे, दोहोंचा संबंध गृहीत धरला जाईल. ज्या व्हिएतनामी शेतकऱ्यांच्या डोक्यावर तीच फवारणी झाली, त्यांच्या वाट्याला मात्र हे गृहीतक आले नाही, हेही येथे विसरता येत नाही.

हे तत्त्व आपल्याकडे परके नाही. तळोजा-रसायनीच्या धुराशी परिचित असलेल्या पनवेलकराला ते समजावून सांगण्याचीही गरज नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानेच विशिष्ट धंद्यात ठरावीक काळ काम केलेल्या कामगाराला त्या धंद्याशी निगडित रोग जडल्यास तो कामामुळेच झाला, असे मानण्याची सोय केली होती. सैनिकांसाठी 1982 च्या नियमांनी हेच सांगितले : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर शिपाई निरोगी होता असे समजावे, सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकू नये, आणि वाजवी संशयाचा फायदा त्यालाच द्यावा. तरीही सिग्नल्स कोअरमधील धरमवीर सिंग यांना 1994 मध्ये अपस्माराच्या कारणावरून सेवेतून काढताना विकलांगतेचे वेतन नाकारले गेले. हे नियम लिहिल्याप्रमाणे पाळावेत, हे सांगावयास सर्वोच्च न्यायालयाचा 2 जुलै 2013 चा निकाल यावा लागला. नियम कागदावर असणे आणि तो शिपायाच्या हाती लागणे यांत किती अंतर असू शकते, याचे हे उदाहरण.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, सारेच आजार सेवेच्या माथी मारले तर तिजोरीला ते पेलणार नाही, आणि खोटे दावेही येतील. आक्षेप अगदी निराधार नाही. 21 सप्टेंबर 2023 पासून आलेल्या नव्या नियमांमागे हाच विचार दिसतो, आणि माजी सैनिकांनी त्यांवर टीका केली आहे तीही याच मुद्द्यावर. तथापि खोटा दावा ओळखण्याचा मार्ग नोंदी ठेवणे हा आहे, खऱ्या दावेदाराला दारोदार फिरवणे हा नव्हे. कोणता शिपाई कोणत्या द्रव्याजवळ किती काळ होता, हे सैन्य लिहून ठेवू शकते. त्या शिपायाला ते लिहिण्याचा अधिकारही नसतो आणि सोयही नसते. जो पुरावा एकाच पक्षाच्या कपाटात आहे, तो दुसऱ्या पक्षाने आणावा असे म्हणणे न्यायाला धरून नाही.

रासायनिक शस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भारताने आपल्याजवळील 1,044 टन मस्टर्डचा साठा जाहीर केला आणि 2009 पर्यंत तो संपूर्ण नष्ट केला. हे काम देशाला भूषणावह आहे. पण ज्या शासनाला विषाचा टनवारी हिशेब जगासमोर मांडता येतो, त्याला ते हाताळणाऱ्या माणसांचा हिशेब ठेवणे अशक्य नाही. सेवेतून मोकळे होताना प्रत्येक जवानाच्या हाती अशा संपर्काची लेखी नोंद पडली, तर पुढच्या पिढीतील शिपायाला पिशवीभर कागद घेऊन अलिबागची एसटी धरावी लागणार नाही.