दोघांचा तंबू, बेताच्या खर्चात

दोघांचा म्हणून विकल्या जाणाऱ्या तंबूत दोन माणसे आडवी होऊ शकतात, एवढाच त्या आकड्याचा अर्थ असतो. त्यांच्या सॅक, बूट, पाण्याच्या बाटल्या या हिशेबात नसतात. अशा तंबूची जमीन साधारण २१० सेंटिमीटर लांब आणि १२० ते १४० सेंटिमीटर रुंद असते. नेहमीची कॅरीमॅट ५० ते ६० सेंटिमीटर रुंद असते. दोन मॅट शेजारी अंथरल्या की अरुंद तंबूत वीतभर जागाही उरत नाही. लांबीही कागदावर दिसते तेवढी मिळत नाही. भिंती तिरक्या असल्याने उंच माणसाचे डोके किंवा पाय कापडाला टेकतात आणि पहाटे स्लीपिंग बॅगचे ते टोक ओले निघते. म्हणून विकत घेण्याआधी दुकानातच तंबू उभा करायला लावून दोघांनी आत झोपून पाहावे. विक्रेत्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

तंबू पाठीवरून न्यायचा की गाडीतून, हे त्यानंतर ठरवायचे. पवना धरणाच्या काठी किंवा भंडारदऱ्याला गाडीने जाऊन मुक्काम करायचा असेल, तर वजनाचा विचार सोडून सरळ तिघांचा तंबू घ्यावा. पैसे थोडेच जास्त पडतात आणि बसून कपडे बदलण्याइतकी उंची मिळते. झटक्यात उघडणारे पॉप-अप तंबूही गाडीसाठी चांगले, पण घडी केल्यावर त्यांची मोठी गोल तबकडी होते. ती सॅकमध्ये मावत नाही आणि एसटीत सहप्रवाशांच्या गुडघ्यांना लागते.

पाठीवर न्यायचा असेल तर वजन मोजावे लागते. स्वस्त आणि चांगल्या तंबूंचे वजन अडीच ते साडेतीन किलो असते. दीड किलोच्या आतले तंबू मिळतात, पण किमतीतली मोठी वाढ त्या वाचलेल्या किलोभरासाठी असते. एक-दोन रात्रींच्या गडवाटेसाठी हा खर्च अनाठायी आहे. तीन किलोचा तंबू दोघांनी वाटून घेतला, एकाने वरचे कापड व खुंट्या आणि दुसऱ्याने उरलेले सामान, की माणशी दीड किलो होतो. वजन पाहताना दोर, खुंट्या आणि पिशवीसह असलेला आकडा विचारावा. जाहिरातीत बहुधा त्याहून कमी आकडा ठळक छापलेला असतो.

पैसा खर्च करायचा तो दुहेरी रचनेवर. दीड-दोन हजारांचे बहुतेक तंबू एकाच कापडाचे असतात. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात सुमारे अर्धा लिटर पाणी बाहेर पडते. बाहेरच्या गारव्याने थंड झालेल्या कापडावर आतल्या बाजूने त्याचेच थेंब जमतात. तंबू गळतो ही तक्रार अनेकदा या थेंबांमुळे होते. दुहेरी तंबूत जाळीचा आतला कक्ष वेगळा आणि त्यावरचे पाणी अडवणारे आवरण, म्हणजे फ्लाय, वेगळे असते. दोन्हींमध्ये हवा खेळती राहते, थेंब जमले तरी फ्लायच्या आतून घरंगळून जमिनीवर जातात. सह्याद्रीत मुक्कामांचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तेव्हा पावसापेक्षा दवच जास्त भिजवते, म्हणून इथे ही रचना चैनीची मानता येत नाही. फ्लायला वर झडप असावी आणि ती थंडीतही थोडी उघडी ठेवावी.

फ्लाय जमिनीलगत पोहोचतो का, हेही पाहावे. कित्येक स्वस्त तंबूंवर नुसती टोपी असते. सरळ पडणारा पाऊस ती अडवते, वाऱ्याने आडवा मारलेला नाही. कापड किती पाणी अडवते ते मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. १५०० मिलिमीटर म्हणजे दीड मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब येईपर्यंत कापड झिरपत नाही. फ्लायला १५०० ते २००० पुरेसे असते. जमिनीच्या कापडावर गुडघ्यांचा दाब पडतो, म्हणून तिथे ३००० च्या आसपासचा आकडा बरा. मात्र पाणी शिरते ते बहुधा शिवणींतून. फ्लाय उलटा करून शिवणींवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का ते तपासायला मिनिटभर लागते. ‘थ्री-सीझन’ या शिक्क्याने हुरळून जाऊ नये. त्याचा अर्थ इतकाच, की तंबू बर्फासाठी नाही. घाटमाथ्यावरचा जुलै त्यात धरलेला नसतो, आणि त्या दिवसांत गडावर तंबू ठोकण्यापेक्षा पायथ्याच्या गावातली पडवी शहाणपणाची.

सह्याद्रीच्या माथ्यांवर मातीचा थर पातळ असतो आणि त्याखाली लगेच कातळ लागतो. खुंटी बोटभरही आत जात नाही. त्यामुळे खुंट्या ठोकल्याशिवाय उभेच न राहणारे बोगद्याच्या आकाराचे किंवा ट्रेकिंगच्या काठ्यांवर ताणायचे तंबू, परदेशी यादीत कितीही वर असले, तरी इथे अडचणीचे ठरतात. दोन काठ्या एकमेकींना छेदून उभा राहणारा घुमटाकार तंबू घ्यावा. उभा राहिला म्हणजे टिकला असे मात्र नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी वारा कड्याखालून वर उसळतो आणि रिकामा तंबू सहज उचलतो. फ्लायचे दोर मोठ्या दगडांना बांधावे, तंबू कड्यापासून बराच आत लावावा आणि आधी आत सॅक ठेवाव्या. जागा निवडण्यापूर्वी वनखात्याचे नियमही गावात विचारून घ्यावे. हा गड आणि कळसूबाई शिखर, दोन्ही अभयारण्याच्या हद्दीत येतात.

काठ्या फायबरच्या असतात किंवा ॲल्युमिनियमच्या. फायबरची काठी वाऱ्यात चिरते आणि तिचे टोकदार तंतू कापड फाडतात. ॲल्युमिनियमची हलकी असते, बहुधा आधी वाकते आणि वेळ देते. पैसे बेताचे असतील तर फायबर चालेल, पण मोडलेल्या जागी सरकवायची धातूची छोटी नळी आणि चिकटपट्टी बरोबर हवी.

कापड पॉलिस्टर असलेले बरे. नायलॉन ओले झाले की सैल पडते, पॉलिस्टर त्या मानाने ताणलेले राहते आणि उन्हातही जास्त टिकते. आतल्या कक्षाची जमीन कडेने वर वळवून शिवलेली हवी, चेन पूर्ण बंद होणारी हवी. डासांपुरताच हा प्रश्न नाही. कातळावर विंचू आणि फुरसे दोन्ही असतात, त्यामुळे खालून उघडी नुसती ताडपत्री ताणून झोपण्याची हलकीफुलकी युक्ती इथे नकोच. तंबूखाली अंथरायला जुना फ्लेक्स उत्तम आणि जवळजवळ फुकट. तो तंबूच्या जमिनीपेक्षा चारही बाजूंनी थोडा लहान कापावा. बाहेर डोकावला तर फ्लायवरून उतरलेले पाणी त्यावर साठून तंबूखाली जाते.

वर्षातून एखादाच मुक्काम होणार असेल तर पुण्या-मुंबईत तंबू भाड्यानेही मिळतात, आणि विकत घेण्याआधी एखादा प्रकार अजमावून पाहण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. घेतलेला तंबू दवाने ओला असतानाच गुंडाळावा लागतो, पण घरी आल्यावर त्याच दिवशी तो पंख्याखाली किंवा सावलीत वाळवावा आणि सैल घडी करून ठेवावा. ओला तसाच पिशवीत राहिला तर त्याला बुरशी लागते. दमट हवेत पाणी अडवणारा लेप हळूहळू विरघळून चिकट होतो आणि कुबट वास येतो. लेप असा सुटू लागला की दुरुस्ती परवडत नाही, फ्लायच बदलावा लागतो.