शब्बाथ नेमका कोणत्या वारी?

पुण्याच्या सॅलिसबरी पार्कात सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीची उपासना भरते ती शनिवारी. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागतो आणि शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत दुकान, नोकरी, परीक्षा सगळं बाजूला राहतं. शहरातले बाकीचे ख्रिस्ती मात्र रविवारी चर्चला जातात. बायबल एकच, प्रभूही एकच. मतभेद आहे तो वाराचा.

शब्बाथ म्हणजे आठवड्याचा सातवा दिवस. तो पवित्र पाळावा, ही दहा आज्ञांमधली एक. येशू ख्रिस्त आणि त्यांचे शिष्य यहुदी होते, त्यामुळे शनिवार पाळणारेच. पण पुनरुत्थान झालं ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आणि त्या दिवशी जमून भाकर मोडण्याचा प्रघात लवकरच पडला. ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये त्रोवस इथल्या अशा बैठकीचा उल्लेख आहे. दुसऱ्या शतकातला जस्टिन मार्टर तर रविवारच्या उपासनेचं सविस्तर वर्णन करतो. म्हणून रविवार सम्राट कॉन्स्टंटाइनने लादला, हा नेहमीचा आरोप टिकत नाही. त्याने इ.स. 321 मध्ये रविवारी न्यायालयं आणि शहरातले धंदे बंद ठेवण्याचा हुकूम काढला, इतकंच. पेरणीची वेळ हुकू नये म्हणून शेतकऱ्यांना त्यातून सूट होती. त्याच शतकात लावदिकीयाच्या धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी शनिवारी कामच करावं, असं बजावलं. बजावावं लागलं, त्या अर्थी शनिवार पाळणारे ख्रिस्ती तेव्हाही होते. इथिओपियाच्या चर्चने पंधराव्या शतकात, राजा झरा याकोबच्या काळात, दोन्ही वार मान्य केले.

ॲडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना 1863 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये झाली. देवाने नेमलेला वार बदलायचा अधिकार कुठल्याही सभेला नाही, हे त्यांचं म्हणणं. या हट्टाबद्दल मला आदर आहे, कारण त्यापायी लोकांनी पोटावर पाय ओढवून घेतला आहे. दक्षिण कॅरोलायनातली शर्बर्ट ही गिरणी कामगार शनिवारी कामावर यायला तयार नव्हती. नोकरी गेली, राज्याने बेकारभत्ताही नाकारला. 1963 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला.

पण मुळात शनिवार कधी उगवतो हेच ठरत नसेल तर? पॅसिफिक महासागरात हा पेच खरोखर उभा आहे. टोंगा हा देश 180 अंश रेखावृत्ताच्या पूर्वेला आहे, पण त्याचं कॅलेंडर पश्चिमेकडच्या न्यूझीलंडबरोबर चालतं. तिथल्या ॲडव्हेंटिस्टांनी 180 अंशांची रेघच खरी वाररेषा मानली. त्या हिशेबाने टोंगाचा सरकारी रविवार हा मुळात शनिवार ठरतो, म्हणून ते रविवारी शब्बाथ पाळतात.

शेजारच्या सामोआने 1892 मध्ये अमेरिकेशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून 4 जुलै दोनदा साजरा केला आणि तो वाररेषेच्या पलीकडे गेला. पुढे व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे वळला. इथे शुक्रवार तेव्हा तिकडे शनिवार, इथे रविवारची प्रार्थना तेव्हा तिकडे सोमवारची कचेरी; कामाचे दिवस वाया जायला लागले. म्हणून 2011 मध्ये देशाने उलटी उडी मारली. गुरुवार, 29 डिसेंबरला झोपलेले लोक शनिवार, 31 डिसेंबरला उठले. शुक्रवार वगळला गेला.

यात ॲडव्हेंटिस्टांची पंचाईत झाली. चर्चच्या नेतृत्वाने टोंगाचीच वाट धरली: सात दिवसांची मोजणी तोडायची नाही, नव्या कॅलेंडरच्या रविवारी शब्बाथ पाळायचा. अनेकांना हे पटेना. आयुष्यभर रविवारच्या विरोधात शिकवण ऐकलेल्या माणसांनी रविवारी चर्चची पायरी कशी चढायची? काही जण वेगळे झाले आणि शनिवारीच जमू लागले.

नेतृत्वाची बाजू पोकळ नाही. सामोआपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या अमेरिकन सामोआत घड्याळ तेच, वार मात्र एक मागे. सामोआतले ॲडव्हेंटिस्ट रविवारी प्रार्थना करतात तेव्हा तिकडचे त्यांचे बांधव त्याच क्षणी शनिवारचा शब्बाथ पाळत असतात. तरीही मला वेगळ्या झालेल्या गटाचं पारडं जड वाटतं. 180 अंशांची रेघ ग्रीनिचवरून मोजलेली आहे, आणि ग्रीनिच जगाचं मूळ रेखावृत्त ठरलं ते 1884 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत. बायबलमध्ये ती रेघ नाही. सरकारने आखलेली वाररेषा माणसाची म्हणून नाकारायची, तर 180 अंशांची रेघही माणसांनीच आखलेली आहे.